धूर जात पाहत नाही म्हणे!



धरणगावला माझी मोठी मावशी राहते. वय साठीच्या पुढे. तिच्या घरापासून बुद्धविहार दोनशे पावलांवर, पण तेवढ्या अंतरात तिला दोनदा थांबावे लागते. "माले दम लागस रे भाऊ," म्हणते आणि कुणाच्या तरी ओट्यावर टेकते. गेल्या दहा वर्षांत मी तिला चार दवाखान्यांत नेले. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच होता, "बिडी ओढता का?" मावशीने जन्मात बिडी ओढली नाही. मग दुसरा प्रश्न, "मिसरी लावता का?" तेही नाही. मग कागदावर 'दमा' लिहायचे, एक इंजेक्शन द्यायचे, पाच दिवसांच्या गोळ्या द्यायच्या आणि थंड खाऊ नका म्हणून सांगायचे. झाली तपासणी.

बाई, तुम्ही चाळीस वर्षे स्वयंपाक कशावर केलात, असे तिला कुणी विचारले नाही. हंगामात कामाला कुठे जात होतात, असेही कुणी विचारले नाही.

विचारले असते तर तिने सांगितले असते. स्वयंपाक चुलीवर. जळण म्हणजे पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या. पावसाळ्यात तेच ओले, म्हणजे आधी तासभर फुंकणी फुंकायची. दिवाळीनंतर कापूस आला की होळीपर्यंत जिनिंगमध्ये रोजंदारी. समोर मशीन, भोवती उडणारी रुई, नाकाला लुगड्याचा पदर. आणि शेवटची काही वर्षे कंत्राटदाराच्या हाताखाली रस्ते झाडायचे काम. तीन कामे, तीन प्रकारचा धूर-धुरळा आणि एकच छाती.

शेवटी एका मोठ्या रुग्णालयात तिची स्पायरोमेट्री झाली. म्हणजे नळीत जोराने फुंकून फुप्फुसातून किती हवा किती वेगाने बाहेर पडते ते मोजायचे. नळी हातात आल्यावर मावशी हसली. म्हणाली, "जनमभर फुंकणी फुंकली, आता हे बी फुंकू का?" निदान निघाले सीओपीडी. या आजारात श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात आणि फुप्फुसातील हवेच्या बारीक पिशव्या नष्ट होतात. इन्हेलरने आराम पडतो, पण गेलेले फुप्फुस परत येत नाही. दहा वर्षे आधी कळले असते तर धूर थांबवता आला असता. कळले नाही, कारण प्रश्नच चुकीचा विचारला जात होता.

हा प्रश्न चुकीचा आहे हे विज्ञानाने कधीच सिद्ध केले आहे. ते कुणी आणि कसे केले, ते आपण समजून घेतले पाहिजे. आणि त्या विज्ञानाच्या तक्त्यांत अजून कोणता रकाना नाही, तो आपणच भरला पाहिजे. म्हणून हा लेख.

पुण्यातल्या डॉक्टरांनी प्रश्न बदलला

डॉ. संदीप साळवी हे पुण्याचे छातीविकारतज्ज्ञ आणि संशोधक. चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे संचालक म्हणून त्यांनी अनेक वर्षे काम केले. २००९ साली त्यांनी लंडनच्या पीटर बार्न्स यांच्यासोबत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक लेख लिहिला. विषय होता, कधीच धूम्रपान न केलेल्या माणसांना होणारा सीओपीडी. तोपर्यंत वैद्यकाची पुस्तके हा सिगारेट ओढणाऱ्यांचा आजार म्हणून शिकवत होती. युरोप-अमेरिकेत ते बऱ्याच अंशी खरेही होते. साळवी आणि बार्न्स यांनी जगभरचे अभ्यास एकत्र मांडून दाखवले की सीओपीडीच्या रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी कधीच धूम्रपान केलेले नाही. जगात धूम्रपान करणारे सुमारे १ अब्ज, तर लाकूड, शेण, पिकांचे अवशेष यांच्या धुरात जगणारे सुमारे ३ अब्ज. म्हणून जगाचा विचार केला तर सीओपीडीचे सर्वांत मोठे कारण चुलीचा धूर असू शकते, असे त्यांनी लिहिले.

पुढे २०१८ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये भारतातील श्वसनविकारांचा राज्यवार हिशेब प्रसिद्ध झाला. त्याचे पहिले लेखकही साळवीच. १९९० मध्ये देशात सीओपीडीचे सुमारे २ कोटी ८१ लाख रुग्ण होते, ते २०१६ मध्ये ५ कोटी ५३ लाख झाले. जगाच्या लोकसंख्येत भारताचा वाटा १८ टक्के, पण जुनाट श्वसनविकारांनी आजारपणात आणि अकाली मृत्यूत वाया घालवलेल्या आयुष्याच्या वर्षांत आपला वाटा ३२ टक्के. आणि भारतात सीओपीडीमुळे वाया गेलेल्या वर्षांची कारणे काय? ५३.७ टक्के हवेचे प्रदूषण, घरातले आणि बाहेरचे मिळून. तंबाखू २५.४ टक्के. कामाच्या ठिकाणचा धुरळा, धूर आणि वायू १६.५ टक्के. एकाच माणसाला दोन-तीन कारणे लागू होतात, त्यामुळे हे आकडे एकमेकांत मिळवायचे नसतात. पण क्रम स्पष्ट आहे. आपल्या देशात तंबाखूपेक्षा हवा दुपटीने जास्त छाती खाते.

आता सांगा, डॉक्टरांचा पहिला प्रश्न कोणता असायला हवा?

हे एका दिवसात कळले नाही

साळवींच्या आधीही हा धागा धरणारे लोक होते. अमेरिकन शास्त्रज्ञ कर्क स्मिथ १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत गेले आणि चुलीपुढे बसलेल्या बायांच्या अंगावर मोजणीची यंत्रे बांधून त्या किती धूर ओढतात ते मोजले. तोवर प्रदूषण म्हणजे गिरण्यांच्या चिमण्या आणि शहरातल्या मोटारी, असाच समज होता. सर्वांत घाण हवा खेड्यातल्या स्वयंपाकघरात असू शकते, हे पुढे जगाने मान्य केले.

मुंबईत केईएम रुग्णालयाच्या डॉ. एस. आर. कामत यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस मोठी पाहणी सुरू केली. गिरणगावातले लालबाग, कारखान्यांचे चेंबूर, तुलनेने स्वच्छ खार आणि मुंबईबाहेरचा एक ग्रामीण भाग, असे चार भाग घेऊन चार हजारांहून जास्त लोक तपासले. हवेतील सल्फर डायऑक्साइड लालबागला सर्वांत जास्त. खोकला आणि धापही खारपेक्षा लालबागला जास्त. कामगार कुठे राहतो यावर त्याची छाती ठरते, हे त्या अभ्यासात दिसले. याच कामत यांनी मुंबईच्या गिरण्यांतल्या कापसाच्या धुरळ्याचा आजार अभ्यासला आणि १९८४च्या वायुकांडानंतर भोपाळच्या पीडितांची फुप्फुसेही तपासली.

आणि साळवींचा स्वतःचा आणखी एक जुना अभ्यास आहे, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. ब्रिटनमध्ये साउदॅम्प्टनला संशोधन करत असताना त्यांनी आणि सहकाऱ्यांनी निरोगी, स्वयंसेवक माणसांना एक तास डिझेलचा पातळ केलेला धूर हुंगायला दिला. काही तासांनी दुर्बीण घालून त्यांच्या श्वासनलिका तपासल्या. आत सूज आलेली, पांढऱ्या पेशी जमा झालेल्या. पण नळीत फुंकायच्या नेहमीच्या तपासणीत फरक नव्हता! हा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. याचा अर्थ नीट घ्या. माणूस "मला काही होत नाही" म्हणत असतो, यंत्रही "ठीक आहे" म्हणत असते, आणि आत इजा सुरू झालेली असते. एका तासाच्या धुराने हे होत असेल, तर रोज चार तास, चाळीस वर्षे, याचा हिशेब तुम्हीच करा.

धुरातला खरा मारेकरी डोळ्यांना दिसतही नाही. केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या भागाएवढे किंवा त्याहून बारीक कण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात, ते नाकाच्या केसांना आणि घशाच्या चिकट पाण्याला चुकवून थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितले की वर्षाची सरासरी हवेच्या एका घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नको. आपल्या देशाची २००९ची मर्यादा आहे ४०. म्हणजे आठपट धुराला आपल्याकडे कायदेशीर परवानगी आहे.

तक्त्यात नसलेला रकाना

इथपर्यंत विज्ञानाने आपल्याला भरपूर दिले. या शास्त्रज्ञांचे ऋण मान्य करूनच पुढचा प्रश्न विचारतो. हे तक्ते पाहा. वय आहे, लिंग आहे, राज्य आहे, इंधन आहे, धंदा आहे. जात कुठे आहे?

लगेच कुणीतरी म्हणेल, "अहो, धूर जात पाहत नाही." बरोबर. धूर पाहत नाही. पण धुरासमोर कुणाला बसवायचे ते जात पाहूनच ठरते. तीन गोष्टी तपासा.

पहिली, तुम्ही काय जाळता. ज्याच्याकडे जमीन आणि पगार आहे त्याच्याकडे गॅस आहे. शेतमजुराच्या घरी दुसऱ्याच्या शेतातून वेचून आणलेल्या पऱ्हाट्या आहेत. दुसरी, तुम्ही काय काम करता. झाडू, गटार, कचरा, हमाली, वीटभट्टी, रोजंदारी, या कामांत कोण आहे ते कुणाला वेगळे सांगायला नको. तिसरी, तुम्ही कुठे राहता. आपल्याकडे अनेक गावांत महारवाडा गावाच्या पूर्वेला असतो. म्हातारी माणसे कारण सांगतात, पश्चिमेचा वारा गावावरून आपल्यावर यावा, आपल्यावरून गावावर जाऊ नये. म्हणजे हवा कुणी आधी घ्यायची आणि कुणाची उष्टी कुणी घ्यायची, याचा विचार या व्यवस्थेने कधीच करून ठेवला होता!

श्वास आणि जात यांचे नाते आपल्या चळवळीला नवे नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. तिथे धोट्यातून सूत ओढताना ते तोंडाने चोखावे लागे, आणि अस्पृश्याच्या थुंकीचे सूत आपल्या तोंडाला लागेल म्हणून सवर्ण कामगार विरोध करत. विणकामात पगार जास्त. म्हणून आपले लोक कमी पगाराच्या कातकामात अडकून राहिले. १९२८च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला आणि कामगार पुढाऱ्यांना तो टाळता येऊ दिला नाही. कामगारांची एकजूट म्हणणाऱ्यांना त्यांनी विचारले की ही कसली एकजूट? बाबासाहेबांनी पुढे दाखवून दिले की जात कामाची वाटणी करून थांबत नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच उतरंड लावते. त्या उतरंडीत सर्वांत खाली सर्वांत जास्त धुरळा साचतो, एवढेच मी आज त्यात जोडतो.

ज्यांच्या श्वासाने सूत विटाळते म्हणाले, त्यांच्याच छातीत साऱ्या गावाची घाण भरली. विटाळ आमचा म्हणत राहिले आणि प्रदूषण मात्र त्यांनी आमच्याकडे पाठवले.

हे नुसते भाषण नाही. जयजीत चक्रवर्ती आणि प्रत्यूषा बसू या संशोधकांनी २०२१ मध्ये भारतातील जिल्ह्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या जिल्ह्यांत पीएम २.५ जास्त, तिथे अनुसूचित जातींच्या लोकसंख्येचे आणि मोडक्या घरांत राहणाऱ्या कुटुंबांचे प्रमाणही जास्त आढळले. हा जिल्ह्यांचा हिशेब आहे, घराघरांचा नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्यातून एका माणसाचा आजार सिद्ध होत नाही. पण म्हणूनच आपली मागणी आहे की घराघरांचा हिशेब करा. जिथे छाती मोजता तिथे जातही नोंदवा. ती नोंदवली नाही म्हणून ती नाहीशी होत नाही.

धरणगावची हवा कुणी मोजायची?

केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. ज्या शहरांची हवा ठरलेल्या मर्यादेत नाही त्यांची यादी केली. त्यात महाराष्ट्रातल्या शहरांमध्ये आपले जळगावही आहे. चांगली गोष्ट. पण ही यादी शहरांची आहे. यंत्र लागते ते शहरातल्या चौकात किंवा इमारतीच्या गच्चीवर. चुलीपासून दोन फुटांवर यंत्र नाही. जिनिंगच्या आत यंत्र नाही. झाडूच्या टोकाशी यंत्र नाही. जिथे आपला माणूस श्वास घेतो, तिथली हवा सरकारी हिशेबात नाही.

खान्देश म्हणजे कापूस. धरणगाव, एरंडोल, जळगाव, सगळीकडे जिनिंग-प्रेसिंग आहे. सरकी वेगळी होते, रुई वेगळी होते, गठाणी बांधल्या जातात, ट्रक भरून पैसा बाहेर जातो. मागे राहतो तो धुरळा. कापसाच्या धुरळ्यात पानांचा, बोंडाच्या सालीचा चुरा आणि जिवाणूंचे विषारी अंश असतात. त्याने होणाऱ्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. ब्रिटनमध्ये लँकेशायरच्या गिरण्यांत १९५०च्या दशकात रिचर्ड शिलिंग यांनी त्याच्या पायऱ्या ठरवल्या. सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेले की छाती आवळते, मंगळवारी थोडे बरे वाटते. पुढे ते आवळणे आठवडाभर राहते, आणि शेवटी कायमचे. आपल्याकडच्या जिनिंगच्या बाया हे वेगळ्या शब्दांत सांगतात: हंगाम सुरू झाला की आठ दिवस छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटते, मग सवय होते. मावशीही हेच सांगायची. सवय होत नाही मित्रांनो, फुप्फुस हरत असते.

कायदा नाही असेही नाही. १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १४ मध्ये स्पष्ट लिहिले की ज्या कामात धुरळा उडतो तिथे तो उगमापाशीच ओढून घेणारी यंत्रणा बसवावी, म्हणजे तो कामगाराच्या नाकात जाणार नाही. त्याच कायद्याच्या यादीत बिसिनोसिस हा सरकारला कळवायचा आजार होता. २०२०च्या नव्या कामगार संहितेच्या यादीतही तो आहे. स्वतः बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. कामगाराचे तास, खाणीतल्या बायांचे हक्क, कल्याण निधी हे त्यांचे काम आपण जयंतीला सांगतो. मग त्या वारशाचा भाग म्हणून आपल्या तालुक्यातल्या किती जिनिंग कामगारांची छाती तपासली गेली, हा प्रश्न आपण कधी विचारला?

चुलीचे काय?

काही जण म्हणतील, आता तर घरोघरी गॅस आला. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलियातून उज्ज्वला योजना सुरू झाली आणि कोट्यवधी जोडण्या दिल्या गेल्या. त्याचा फायदा झाला हे नाकारायचे कारण नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वच्छ इंधन वापरणारी घरे २०१५-१६ मध्ये ४३.८ टक्के होती, ती २०१९-२१ मध्ये ५८.६ टक्के झाली. पण ग्रामीण भागात हाच आकडा ४३.२ टक्के. म्हणजे तेव्हा खेड्यातली निम्म्याहून जास्त घरे धुरातच होती. आणि जोडणी मिळाली म्हणजे सिलेंडर भरला असे होत नाही. आमच्या वस्तीत फिरून पाहा. लाल सिलेंडर कोपऱ्यात, त्यावर कापड, पाहुणे आले की चहापुरता पेटतो. भाकरी चुलीवर. कारण पऱ्हाटी फुकट मिळते आणि सिलेंडरला एकरकमी पैसे लागतात, जे रोजंदारीवाल्याच्या हातात एकदम कधीच नसतात.

ग्वाटेमालामध्ये कर्क स्मिथ यांच्या गटाने धुराडे असलेल्या सुधारित चुली देऊन पाहिल्या. निकाल २०११ मध्ये आला. मुलांच्या वाट्याला येणारा धूर साधारण निम्मा झाला, गंभीर न्युमोनिया कमी झाला, पण एकूण न्युमोनियात अपेक्षेएवढी घट सिद्ध झाली नाही. धडा काय? अर्धा धूर हा अर्धा न्याय नसतो. म्हणूनच स्मिथ पुढे सांगू लागले की गरिबाला सुधारलेली चूल नको, श्रीमंताकडे आहे तेच स्वच्छ इंधन द्या. हा विचार आपल्याला ओळखीचा वाटत नाही का? विहिरीचे वेगळे रहाट नको, तेच पाणी हवे, म्हणूनच आपण महाडला गेलो होतो.

"आपले प्रश्न मोठे आहेत" म्हणणाऱ्यांना

आपल्यातलेच कार्यकर्ते म्हणतात, "अरे, आरक्षण धोक्यात आहे, अत्याचार होत आहेत, शिष्यवृत्त्या अडकल्या आहेत, आणि तू हवा काय घेऊन बसलास? हे एसीत बसणाऱ्यांचे चोचले." मी त्यांना नम्रपणे विचारतो, दम लागणारी बाई मोर्चाला येऊ शकते का? खोकणारे पोर परीक्षेला नीट बसते का? कमावता माणूस पन्नाशीतच छातीने बसला तर घरातल्या मुलीचे शिक्षण कोण पुरे करते? शरीर हाच आपल्या माणसाचा एकमेव जमीनजुमला आहे. तोच कुणी रोज थोडाथोडा बळकावत असेल, तर तो अत्याचारच आहे. फक्त त्याचा एफआयआर होत नाही.

हवेला चोचले म्हणून सोडून दिले तर काय होते ते दिल्लीकडे पाहून कळते. ज्यांच्याकडे पैसा आहे ते घरात हवा गाळायचे यंत्र लावतात. ज्यांच्याकडे नाही ते कचऱ्याच्या डोंगराशेजारी झोपतात. हवेचीही पाणवठ्यासारखी वाटणी होऊ लागली आहे.

आणि थोडे आपल्याकडेही बघू या. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेमागे धूर ओकणारा डिझेल जनरेटर कुणाच्या छातीत जातो? आपल्याच लेकरांच्या. फटाके कुणाच्या वस्तीत फुटतात? आपल्याच. दारे-खिडक्या लावून रात्रभर मच्छर कॉइल आपण लावतो. एक कॉइल जळून संपेपर्यंत ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण सोडते, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत आढळले. बिडीला हात न लावलेले बाळ रात्रभर सिगारेटींच्या धुरात झोपते. मच्छरदाणी लावा, वस्तीतले डबके बुजवायला भांडा, पण कॉइल बंद करा. हे कुणाच्या आदेशाची वाट न पाहता आपल्याला आजच करता येते.

एका आईने काय केले

लंडनमध्ये एला किसी-डेब्रा नावाची नऊ वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी २०१३ मध्ये दम्याने गेली. तिचे घर वाहनांनी भरलेल्या मोठ्या रस्त्याजवळ होते. कागदावर कारण लिहिले गेले श्वसनाचे, विषय संपला. तिची आई रोझामंड गप्प बसली नाही. तिने जुने अहवाल काढले, हवेच्या नोंदी शोधल्या आणि न्यायालयात गेली. शास्त्रज्ञ स्टीफन होल्गेट यांनी मुलीच्या आजारपणाच्या तारखा आणि त्या भागातली हवा जुळवून अहवाल दिला. डिसेंबर २०२० मध्ये पुन्हा झालेल्या चौकशीत अधिकाऱ्याने मृत्यूच्या कारणांत 'हवेचे प्रदूषण' असे शब्द लिहिले. ब्रिटनमध्ये असे पहिल्यांदाच घडले. हेच होल्गेट साळवींच्या डिझेलच्या अभ्यासात सहलेखक होते. प्रयोगशाळेतले ज्ञान एका आईच्या हातात आले, तेव्हा त्याचे हत्यार झाले. आपल्याला नेमके हेच करायचे आहे.

आपल्याकडे कायद्याचा आधार आहे. १९९१ मध्ये सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा येते. म्हणून भीक मागायची नाही. हक्काने मागायचे.

मग करायचे काय?

१. सरकारी दवाखान्यात खोकला-दम्याच्या प्रत्येक रुग्णाला तीन प्रश्न विचारले गेले पाहिजेत: चूल आहे का? काम कोणते? घर कुठे? केस पेपरवर त्याची नोंद झाली पाहिजे. तोपर्यंत आपण रुग्णासोबत जाऊ तेव्हा हे स्वतःच डॉक्टरांना सांगायचे आणि लिहून घ्यायला लावायचे.

२. ग्रामीण रुग्णालयात स्पायरोमेट्री आणि मोफत इन्हेलर कायम उपलब्ध हवेत. ते आहेत की नाहीत, याची माहिती अधिकारात विचारणा करा. एक अर्ज, दहा रुपये.

३. जिनिंगच्या हंगामाआधी आणि हंगामानंतर कामगारांची छाती तपासा. धुरळा ओढणारी यंत्रणा बसवा. रोजंदारीच्या कामगाराचे नाव हजेरीपटावर असलेच पाहिजे, कारण नाव नसेल तर उद्या आजाराची भरपाई मागायला आधार राहत नाही.

४. सफाई कामगारांना कोरडे झाडायला लावू नका, आधी पाणी मारा. कापडी रुमाल नको, बारीक कण अडवणारा मास्क द्या. झाडलेला कचरा रस्त्याकडेला पेटवणे बंद करा. २०१६च्या घनकचरा नियमांनीच त्यावर बंदी घातली होती.

५. सिलेंडर रोजंदारीवाल्याला परवडेल असा, हप्त्याने किंवा छोट्या आकारात, मिळाला पाहिजे. जोडण्यांचे आकडे सांगू नका, वर्षाला किती सिलेंडर भरले ते सांगा.

६. विज्ञान शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींनो, हा विषय तुमचा आहे. डॉक्टर व्हा, संशोधक व्हा आणि तक्त्यात तो रिकामा रकाना घाला. आपल्या आजीच्या छातीचा अभ्यास दुसरा कुणी येऊन करील याची वाट पाहू नका.

दरवर्षी ३१ जुलैला आपण धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर हजारोंच्या संख्येने जमतो. तिथे पुस्तकांचे स्टॉल असतात, भाषणे असतात. येत्या वेळी एक टेबल श्वासतपासणीचेही लावू या. आलेल्या प्रत्येक बाईला, बापाला नळीत फुंकायला सांगू आणि ते तीन प्रश्न विचारू. शंभर-दोनशे नोंदी झाल्या तरी त्या आपल्या असतील.

मावशी आता इन्हेलर घेते. परवा भेटलो तेव्हा बोलता बोलता तिने विचारले, "हे धुरामुळं व्हतं, मंग कोणी आधी सांगितलं का नही?" माझ्याकडे उत्तर नव्हते. तिच्या घरात चूल आता बंद आहे, कारण भाचे मिळून सिलेंडर भरतात. पण भिंतीपलीकडे शेजारच्या घरात तिच्या सुनेच्या वयाची मुलगी फुंकणी फुंकते आहे आणि तिच्या मांडीवर वर्षाचे लेकरू आहे. त्या मुलीला आधी सांगायचे आहे. ते आपले काम आहे.

जय भीम! जय संविधान!